फौजदार का हसला

देविकाने रिमोटचं बटण दाबलं आणि पडद्यावरचा फौजदार हसता हसता गोठला. पट्ट्यात जेमतेम मावलेलं पोट, मिशीखाली अर्धवट उघडं तोंड आणि त्या तोंडावरून आडव्या थरथरणाऱ्या दोन पांढऱ्या रेघा.

"डॉक्टर," भाऊसाहेब खुर्चीतून म्हणाले. "लिहून घे. खून डॉक्टरने केलाय."

"काका, मघाशी तुम्ही दिवाणजी म्हणालात."

"मघाशी डॉक्टर आला कुठे होता?"

"नागपूरला त्रेसष्ट साली पाहिलाय म्हणे हा सिनेमा," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. "मध्यंतरात भजी खायला गेले ते आत परत आले की नाही, एवढं एकदा मला कळलं पाहिजे."

"भजी आठवतात," भाऊसाहेब म्हणाले. "मिरचीची होती."

देविका हसली, पण हसताना तिचा हात मांडीवरच्या कागदांच्या गठ्ठ्यावरून हलला नाही. एप्रिलमधला रविवार, सकाळचे अकरा वाजून गेलेले. सेक्टरमधल्या पाच-सहा मराठी घरांतली मुलं आठ ते दहा बाईंकडे मराठी शिकायला यायची. त्यांच्या चटया अजून गुंडाळायच्या राहिल्या होत्या. खिडकीबाहेर नोएडा नेहमीसारखं अर्धं बांधून झालेलं होतं. समोर चार मजले उभे होते, पाचव्याच्या सळया आकाशात शिरल्या होत्या, आणि कूलर वाळ्याच्या वासाबरोबर बारीक सिमेंटही घरात आणत होता.

देविका बाईंची जुनी विद्यार्थिनी. दिल्लीतल्या शाळेत पाचवीपासून दहावीपर्यंत बाईंनीच तिला मराठी शिकवलं. तिचे वडील मंत्रालयात, भाऊसाहेबही मंत्रालयात, पण खाती वेगळी आणि क्वार्टर्सही लांब, त्यामुळे ओळख शाळेपुरतीच. शाळा सुटली, वर्षं गेली, बाई निवृत्त होऊन यमुनेपलीकडे राहायला आल्या. बाकीची मुलं दिवाळीला फोन करायची, पुढे तेही थांबलं. देविका मात्र दोन बस बदलून यायची. तिची वेणी जाऊन खांद्यापर्यंतचे केस आले, पण दारात चपला काढताना "बाई, येऊ?" असं विचारायची सवय काही गेली नाही. बाईंना या "येऊ?"चं किती अप्रूप होतं, ते त्यांनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

सध्या ती नोएडातल्याच एका कंपनीत होती. एका नव्या चॅनेलसाठी जुन्या काळ्या-पांढऱ्या रहस्यपटांचे हिंदी रिमेक करायचे, असा घाट त्या कंपनीने घातला होता. एक बंगाली सिनेमा घेतला होता, एक तमिळ, आणि एक हा मराठी. अर्जात 'मातृभाषा मराठी, लिहिता-वाचता येते' असं लिहिलेलं, म्हणून मराठीचं काम देविकाकडे आलं. कॅसेट बघायची, संवाद उतरवून घ्यायचे, समोर हिंदी करायचं. अडचण एकच होती. मूळ सिनेमाचं शेवटचं रीळ केव्हाच खराब झालं होतं. श्रीमंत आत्याबाईंना बासुंदीतून विष कोणी घातलं, हे सांगणारी शेवटची पंधरा मिनिटं कॅसेटवर नव्हतीच. उरलेल्या सिनेमावरून खुनी ओळखायचा आणि शेवट नव्याने लिहायचा, असं ठरलं. तो लिहूनही झाला होता. उद्या दहा वाजता सगळ्यांसमोर वाचन होतं. ते नीट पार पडलं, की महिन्या-महिन्याने मुदत वाढवून चाललेली देविकाची नोकरी कायम होणार होती.

"तुम्ही फक्त एकदा नजर फिरवा, बाई," ती म्हणाली होती. "दोन-चार शब्द अडलेत. बाकी सगळं ओके आहे."

अडलेल्या शब्दांखाली तिने पेन्सिलीने रेघा ओढल्या होत्या. माजघर. तसबीर. चारचौघांत. 'कानावर हात ठेवले' म्हणजे ऐकू येऊ नये म्हणून, की दुसरं काही? बाईंनी एकेक शब्द हौसेने उलगडून सांगितला. माजघराचा तर नकाशाच काढून दाखवला. अडलेला शब्द माणूस विचारतो. न अडलेला कोण विचारणार?

आता तिने सिनेमा थांबवला होता, तो याच प्रसंगाचं पान बाईंच्या हातात होतं म्हणून. डावीकडे मराठी, उजवीकडे हिंदी. बाई बोट ठेवून वाचत होत्या.

डावीकडे आत्याबाईंचा भाचा फौजदाराला सांगत होता, "हो, विष घालीन असं म्हणालो होतो. पण साहेब, ती चेष्टा होती. मी चेष्टा करत होतो. रोजच करायचो. आत्यालाही ठाऊक होतं."

उजवीकडे तोच भाचा म्हणत होता, "हाँ, कहा था। लेकिन साहब, वह चेष्टा थी। मैं चेष्टा कर रहा था। रोज़ ही करता था। बुआ को भी मालूम था।"

बाईंचं बोट तिथेच राहिलं. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. डाव्या रकान्यातला भाचा आत्याची थट्टा करणारा एक खुशालचेंडू होता. उजव्या रकान्यातला रोज तिला मारायचा प्रयत्न करत होता. आणि आत्याला ते ठाऊक होतं.

"हा भाचा तुमच्या सिनेमात..." बाईंनी सावकाश विचारलं.

"खुनी!" देविका पुढे सरकली. "बघा ना, स्वतःच बोलतो. आणि कुणाचं लक्षच जात नाही! आमचे डायरेक्टर इंद्रजित सर तर ऐकून खुर्चीवरून उठलेच. म्हणाले, मध्यंतराच्या आधीच खुनी कबूल करून मोकळा होतो, क्या लोग थे यार. आणि हा फौजदार ऐकतो, हसतो आणि त्याला सोडून देतो. म्हणजे तो पण मिळालेला आहे."

"सामील."

"हां, सामील आहे. नवा शेवट सगळा त्याच्यावरच आहे. भाचा आणि फौजदार, दोघं मिळून. भाच्याच्या रोलसाठी हीरोसारखा दिसणारा मुलगा घेतला होता, त्याला आता व्हिलन केलंय. तो खूश आहे."

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. चौतीस वर्षं त्यांनी मुलांना शिकवलं, पण कोणाला 'चूक' असं कधी म्हटलं नव्हतं. मुलाचं वाक्य खोडायचं नाही, त्याच्या शेजारी आपला शब्द हळूच ठेवायचा. त्याला हवा तेव्हा तो उचलतो. आत्ता 'सामील' ठेवला तसा. पण हा शब्द शेजारी ठेवण्यातला नव्हता. हा काढला, की वरचे चार मजले खाली येणार होते.

तेवढ्यात लाइट गेली. कूलर धापा टाकत थांबला, टीव्हीवरचा फौजदार एक ठिपका होऊन विझला.

"गेली ती एक वाजेपर्यंत गेली," भाऊसाहेब म्हणाले आणि उत्साहाने उठले. "तुझी कॅसेट आत अडकली असेल. थांब, काढून देतो."

"अहो, हात लावू नका त्याला," बाई म्हणाल्या. पण ते स्वयंपाकघरातून चमचा घेऊन आलेसुद्धा. व्हीसीआरपुढे मांडी घालून त्यांनी चमच्याचं टोक झडपेत घातलं, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, एकदा फुंकही मारली. मग कपाळ पुसत मागे वळले.

"खूप चेष्टा केली बुवा, पण हिचं तोंड काही उघडेना."

"राहू द्या काका," देविका म्हणाली. "इतकी चेष्टा करू नका. लाइट आली की आपोआप निघेल."

ती हसली नाही, की दचकलीही नाही. तिच्या कानाला ते वाक्य अगदी सरळ वाटलं होतं. बाईंनी मात्र हातातलं पान खाली ठेवलं.

हे वाक्य बारा वर्षं त्यांच्या घरात होतं. बरणीचं झाकण उघडलं नाही, स्कूटर सुरू झाली नाही, पेन्शनच्या कचेरीत साहेब भेटला नाही, की भाऊसाहेब हेच म्हणायचे. नवीन पाहुणा बुचकळ्यात पडला, की त्याला ते खुलवून खुलवून गोष्ट सांगायचे. आणि वाक्य आलं होतं सातवीच्या एका वहीतून. 'माझी परीक्षा' या निबंधात एका मुलीने लिहिलं होतं, 'मी खूप चेष्टा केली पण गणित मला आले नाही.' बाईंनी ते शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवलं. सगळे डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. संध्याकाळी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. वहीत मात्र त्या ओळीशेजारी काहीच लिहिलं नाही. इतकं गोड वाक्य, त्याला कशाला हात लावायचा?

"देविका," बाई म्हणाल्या, "एक सांग. फौजदार का हसला असेल?"

"मिळालेला... सामील आहे म्हणून."

"दुसरं काही कारण असेल का?"

देविकाने डोळे बारीक केले. बाईंचा प्रश्न असा मऊ झाला, की उत्तर वेगळं असतं, हे तिला शाळेपासून माहीत होतं. ती कागद स्वतःकडे ओढून पुन्हा वाचू लागली. अजून दोन मिनिटं मिळाली असती, तर कदाचित तिचं तिलाच सापडलं असतं. पण भाऊसाहेबांना दोन मिनिटं धीर कुठला धरवायला?

"हसेल नाही तर काय!" ते जमिनीवरूनच म्हणाले. "बिचारा सांगतोय, चेष्टा केली म्हणून. गंमत केली, थट्टा केली. त्यासाठी काय बेड्या घालायच्या?"

"गंमत?" देविकाने वर पाहिलं. "काका, चेष्टा म्हणजे कोशिश ना?"

भाऊसाहेबांचा चेहरा उजळला. "अरे वा! ही पण त्यातलीच! अगं, तुझ्या बाईंच्या शाळेत एक मुलगी होती. निबंधात काय लिहावं तिने? 'मी खूप चेष्टा केली पण गणित मला आले नाही!'" ते गुडघ्यावर थाप मारून हसले. "गणिताची चेष्टा केल्यावर गणित कसं येणार? रागावणारच ते!"

"अच्छा, असं लिहिलं?" देविका हसली. मग हसू ओठांवर तसंच राहून तिचे डोळे कागदावर उतरले. उजव्या रकान्यावरून डाव्या रकान्यावर गेले, परत आले. "म्हणजे हा... भाच्याने काहीच नाही केलं."

"नाही," बाई म्हणाल्या.

"आणि फौजदार पण..."

"तोही साधा माणूस आहे."

देविकाने गठ्ठा पुन्हा मांडीवर ओढला. पानं एकेक उलटत गेली, शेवटापर्यंत. "सत्तावीस पानं," ती स्वतःशीच म्हणाली. "बाई, सगळ्यांनी पाठ केलंय. सेट लागलाय. मी उद्या काय सांगू? मातृभाषा मराठी?"

भाऊसाहेबांना आता कुठे कळलं, की हसण्यासारखं काही राहिलेलं नाही. त्यांनी चमचा झडपेतून बाहेर काढला.

त्या मुलीचं नाव त्यांना माहीत नव्हतं. बाईंनी कधी सांगितलंच नव्हतं. देविकाला तो निबंध आठवत नव्हता. सातवीतला निबंध कोणाला आठवतो? समजुतीचे दोन शब्द बोलून, 'मज़ाक' हा एक शब्द सुचवून बाईंना मोकळं होता आलं असतं. देविकाने बाईंचे आभार मानले असते, पुढच्या महिन्यात पुन्हा दारात "येऊ?" म्हणून विचारलं असतं.

"ती मुलगी तू," बाई म्हणाल्या.

"कोण?"

"निबंधातली. ते वाक्य तुझं आहे. सातवी ब."

भाऊसाहेब उठले आणि चमचा ठेवायला म्हणून स्वयंपाकघरात गेले.

"पण तुम्ही कधी..." देविका थांबली. "मी ते नंतरही लिहिलं असेल. आठवीत. दहावीतही."

"लिहिलंस."

"माझ्या वहीवर तुमची लाल शाई कधी नसायची. मी घरी दाखवायचे. आई म्हणायची, बघा, दिल्लीत राहून पोरीचं मराठी किती स्वच्छ आहे. मला वाटायचं, मला सगळं येतं." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बाईंना सोपं गेलं असतं. "आणि तुम्ही सगळे हसत होतात."

"हो."

"बारा वर्षं?"

"बारा वर्षं. मला ते वाक्य आवडलं होतं, म्हणून दुरुस्त केलं नाही. तुझ्यापेक्षा मला त्याची गंमत जास्त वाटली." बाईंनी हातातला चष्मा घडी घालून समोर ठेवला. "चुकलं माझं."

देविका उठून गॅलरीत गेली. बाई जागच्या हलल्या नाहीत. मागे जावं असं फार वाटलं, पण शिकवायच्या आयुष्यात त्यांना एवढं नक्की कळलं होतं, की रडू आवरणाऱ्या मुलाच्या पाठीवर हात ठेवला, की ते रडतंच. आणि मग त्याला विचार करता येत नाही. समोरच्या इमारतीत कोणीतरी हातोडीने सळई वाकवत होतं. ठण, ठण, मग थोडं थांबून पुन्हा ठण. बाईंनी चटया गुंडाळायला घेतल्या.

तिसरी चटई गुंडाळून होते आहे तोवर देविका आत आली. नाक लाल, पण डोळे कोरडे.

"फोन करू का एक?"

"कर की."

"इंद्रजित सरांना. घरी असतील." रिसीव्हर उचलून तिने एक-दोन आकडे फिरवले, ठेवून दिला, पुन्हा उचलला. "हॅलो सर, देविका. सर, स्क्रिप्ट में एक गलती है। मेरी है।... नहीं सर, टाइपिंग की नहीं। चेष्टा का मतलब मराठी में मज़ाक होता है।... जी। भांजा मज़ाक कर रहा था।... जी, थानेदार भी इसीलिए हँसा।... जी सर। पूरा एंड।"

पलीकडे काहीतरी खरखरलं. देविकाने रिसीव्हरवर हात ठेवला.

"विचारतायत, मग मारलं कोणी?"

"डॉक्टरने!" स्वयंपाकघरातून आवाज आला.

देविकाच्या ओठाचा एक कोपरा हलला. ती पुन्हा फोनकडे वळली, काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि तशीच राहिली. बाईंनी ते पाहिलं. वर्गात एखाद्या मुलाचा चेहरा असा झाला, की त्या खडू खाली ठेवून गप्प उभ्या राहत.

"सर," देविका हळू म्हणाली, "मुझे तो यही समझ में आया था ना, कि उसने जुर्म कबूल कर लिया? आपको भी। पूरे ऑफिस को। तो थानेदार को भी तो यही समझ आएगा, अगर वो यहीं का हो? भांजा मराठी हो, दिल्ली में नौकरी करता हो, घबराहट में अपनी हिंदी में बोले, मैंने चेष्टा की। सच बोल रहा है, और फँस रहा है।... नहीं सर, हँसेगा नहीं। लिख लेगा।"

या खेपेला पलीकडून लगेच बोलणं सुरू झालं. ती "जी, जी," करत राहिली, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत राहिली आणि शेवटी रिसीव्हर अलगद ठेवला.

"ओरडले का?" बाईंनी विचारलं.

"नाही. नोकरीचं पण काही नाही बोलले. म्हणाले, चार वाजता ऑफिसात या, नव्या शेवटाची चार पानं घेऊन. चार तरी. मग बघू."

"मग बस."

भाऊसाहेबांनी न विचारता तीन कप चहा केला आणि न बोलता आणून ठेवला. या घरात अशी गोष्ट क्वचितच घडे. देविका जेवणाच्या टेबलाशी बसून त्याच कागदांच्या कोऱ्या पाठीवर लिहू लागली. मराठीत सुचायचं, हिंदीत उतरायचं. मधूनच मान वर करून ती एखादा शब्द विचारायची. आता सोपे शब्दही विचारत होती. 'राग' म्हणजे आपल्याकडे गुस्साच ना? 'शिक्षा' म्हणजे सज़ा? बाई सांगत होत्या, आणि प्रत्येक वेळी "नक्की?" असं तिने पुन्हा विचारलं, तरी त्यांना वाईट वाटत नव्हतं. वाटलं तरी तिचा तो हक्क होता.

साडेबारा वाजत आले. दुसऱ्या पानाच्या मध्यावर पेन थांबलं.

"बाई, कोणीतरी एक हवी. दोन्ही भाषा येणारी. शेवटी ती ठाण्यात जाऊन सांगते, की हा शब्द तुम्ही समजताय तो नाही. शेजारीण ठेवू?"

"ठेव. पण ती शेवटीच का सांगते?"

"आधी सांगितलं तर सिनेमाच संपेल ना."

"ती तुझी अडचण झाली. तिची काय आहे? भाचा रोज तिच्यासमोर तसंच बोलतो. तिला कळतंय, की इथे याचा अर्थ वेगळा घेतील. तरी ती बोलत नाही. कारण पाहिजे."

देविकाने पेनाचं टोक हनुवटीला लावलं. तळाचा दोन घोट चहा निवून गेला होता, तोही पिऊन टाकला. मग बाईंकडे न बघता म्हणाली, "वाईट बाई नाहीये ती. त्याच्यावर तिचा जीवच आहे. तिला फक्त ठाऊक नसतं, की एवढ्याशा शब्दावर कोणाचं काही अडू शकतं." आणि तसं लिहायलाही लागली.

बाईंनी ओळ पुरी होऊ दिली.

"ठाऊक असतं," त्या म्हणाल्या. "तसं लिही."

देविकाने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मग लिहिलेली ओळ तिने आडवी रेघ मारून खोडली, आणि बाईंना पान दिसावं म्हणून आपली खुर्ची थोडी सरकवून घेतली.